फ्युज्ड ग्लासच्या दागिन्यांसाठी कुठली सॉ, कुठलं ब्लेड? खालच्या कडेला टवके उडून राहिले

काचमणी_धरमपेठ

नमस्कार मंडळी. पेंडंट आणि कानातल्यांसाठी फ्युज्ड ग्लास (भट्टीत थर वितळवून जोडलेली काच) कापायची आहे. मशीन घेण्याआधी जाणकारांचा सल्ला हवा.

काम असं: सगळी काच सीओई (तापल्यावर प्रसरण पावण्याचा गुणांक) ९०. ३ मिमीचे तीन थर, कडेने बांध घालून फुल फ्युज, म्हणजे १०० बाय १५० मिमीचा ९ मिमी जाड स्लॅब. त्याच्या १५ मिमी रुंद पट्ट्या, पट्ट्यांचे २४-२५ मिमीचे तुकडे आणि मग फायर पॉलिश (कडा चकचकीत करायला परत भट्टीत). काही स्लॅबमध्ये डायक्रोइक (कोनानुसार रंग बदलणारा थर दिलेली काच) असतं, त्यामुळे कापात जाणारा मिलिमीटरही खिशाला लागतो.

सध्या टाइल कापायची ७ इंची पाण्याची मशीन आहे. तिच्यासोबत आलेलंच ब्लेड, जाडी २.२ मिमी. वरची कड ठीक येते, पण खालच्या कडेला १-२ मिमीचे टवके उडून राहिले. काप संपताना तर कोपराच निघून जातो. फायर पॉलिशनंतर तिथे खड्डा दिसतो. आणि मधूनच एखादा स्लॅब ब्लेडपासून लांब, भलतीकडेच तडकतो.

ब्लेड बदलून भागेल की मशीनच बदलावी? ट्रिम सॉ (छोट्या गोल ब्लेडची), रिंग सॉ (कड्यासारख्या ब्लेडची), बँड सॉ (पट्टा ब्लेडची) यांतलं काय घ्यावं? लोहाओळी बाजारात एक जण मार्बल कटर उलटा बसवून टेबल करून देतो म्हणतो, ते चालेल का? बजेट पंचवीस हजारांपर्यंत.

---

धार_आणि_पाणी

ताई, आधी ब्लेडचं बोलू. टवक्यांचं निम्मं कारण तिथेच आहे, मशीनचा नंबर नंतर.

तुमचं २.२ मिमीचं ब्लेड सिरॅमिक टाइलसाठी आहे. त्यातले हिरे जाड असतात आणि ते काच खरवडत नाहीत, फोडत जातात. काचेला साधारण १०० ते २०० ग्रिटच्या (हिऱ्यांच्या कणांचा बारीकपणा) आसपासचं बारीक ब्लेड लागतं. कड सलग हवी. खाचा पाडलेली सेगमेंटेड किंवा लाटांसारखी टर्बो कड ग्रॅनाइटला चांगली. काचेवर प्रत्येक खाच एक ठोसा मारते. पाकिटावर ‘ग्लास’ छापलंय एवढ्यावर जाऊ नका, कड डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट, हिरे बसवलेत कसे. इलेक्ट्रोप्लेटेड ब्लेडवर निकेलमध्ये हिऱ्यांचा एकच थर असतो. ते पातळ आणि स्वस्त मिळतं, सुरुवातीला जोरात कापतं, पण थर झिजला की ब्लेड संपलं. नवंकोरं असताना वर आलेले कण पहिल्या काही कापांत जास्त टवके काढतात, म्हणून ते कापसुद्धा टाकाऊ काचेवर घालवावेत. सिंटर्ड ब्लेडमध्ये हिरे धातूच्या भुकटीसोबत कडेच्या पूर्ण खोलीत असतात. वरचे झिजले की ड्रेसिंग करून (कड खरखरीत दगडात चालवून) खालचे उघडे करता येतात. रोज कापायचं असेल तर सिंटर्डच घ्या, जास्त पैसे वसूल होतात.

आता जाडीचा हिशेब तुमच्याच स्लॅबवर. १५० मिमीच्या बाजूवर १५ मिमीच्या पट्ट्या: २.२ मिमी ब्लेडने ८ निघतात, नववीला जागा पुरत नाही. ०.७ मिमीच्या ब्लेडचा काप डगमग धरून ०.८ पडतो, त्याने ९ पट्ट्या निघून वर पावणेआठ मिमी उरतात. १०० मिमीच्या पट्टीत २४ मिमीचे चार तुकडे जाड ब्लेडने बसतच नाहीत (९६ अधिक ६.६), पातळ ब्लेडने बसतात (९६ अधिक २.४). म्हणजे एका स्लॅबमधून २४ तुकडे की ३६, एवढा फरक. कडा छाटायच्या असतील तर आकडे थोडे खाली येतील, पण डायक्रोइक असेल तर ब्लेडचे पैसे लवकर निघतात.

म्हणून तुमच्या सरळ कापांना ६ इंची लॅपिडरी (रत्नं-दगड कापायची) ट्रिम सॉ, ०.६ ते ०.९ मिमीचं सलग कडेचं सिंटर्ड ब्लेड. ४ इंची ब्लेडही ९ मिमी काच सहज पार करतं, पण त्या मापात ब्लेड फार पातळ येतात आणि हात जरा बाजूला दाबला की ताटलीसारखी वाकतात. एकदा वाकलेलं ब्लेड सरळ कापत नाही.

गती: ६ इंची ब्लेडला २००० आरपीएमच्या आसपास पुरे. आपल्याकडची साधी चार पोलची मोटर १४४० ची असते. मोटरला ३ इंची आणि ब्लेडच्या शाफ्टला २ इंची पुली टाकली की २१६० मिळतात. पाव एचपी पुरते. ब्लेडवर छापलेली कमाल गती मात्र वाचून घ्या.

ऑर्डर करण्याआधी शाफ्ट व्हर्निअरने मोजा. लॅपिडरी ब्लेडचं भोक बहुतेक १२.७ किंवा १५.८८ मिमी असतं, ७ इंची टाइल ब्लेडचं २२.२३ किंवा २५.४. मधली जागा भरायला धातूचा घट्ट बुश हवा. प्लास्टिकची ढिली रिंग टाकली की ब्लेड डगमगतं, काप रुंद होतो आणि कड फाटते. बसवल्यावर ब्लेडजवळ मार्कर स्थिर धरून ब्लेड हाताने फिरवा. रेघ अर्ध्याच वर्तुळावर उमटली तर फ्लँज (ब्लेड दाबून धरणारी चकती) पुसून परत बसवा; बऱ्याचदा फ्लँजखाली काचेचा एखादा कण अडकलेला असतो.

आता खालचे टवके. टेबलखालून वर येणाऱ्या ब्लेडची पुढची कड वरून खाली जाते, म्हणजे हिरे काचेच्या खालच्या पृष्ठभागातून बाहेर पडतात. नेमकं तिथेच टेबलच्या खाचेमुळे काचेला आधार नसतो. तुमच्या मशीनची खाच ब्लेडपेक्षा कितीतरी रुंद असणार. उपाय सोपा आहे. खिडकीच्या ४ मिमी काचेचा टेबलाएवढा तुकडा घ्या, कडा घासून बोथट करा. मशीन चालू, पाणी चालू, आणि तो पुढून हळू सरकवत ब्लेडच्या मागच्या कडेपर्यंत चीर पाडा. मोटर बंद करा. काच बाहेर काढा, काच आणि टेबल दोन्ही कोरडे पुसून टेबलावर दुहेरी टेपने चिकटवा. आता खाच ब्लेडएवढीच आहे आणि स्लॅबला शेवटपर्यंत आधार मिळतो. चीर झिजून रुंद झाली की काच बदला. काही जण ॲक्रिलिक लावतात, पण ते ब्लेडच्या कडेत भरतं, मग ड्रेसिंग करत बसावं लागतं.

दागिन्याची दर्शनी बाजू नेहमी वर ठेवा.

कोपरा उडण्याचं कारण असं की शेवटचे तीन-चार मिमी काच स्वतःच्याच वजनाने तुटते. स्लॅबच्या मागे तेवढ्याच जाडीचा टाकाऊ तुकडा टेकवा आणि दोन्ही एकत्र ढकला. ब्लेड स्लॅबमधून निघून थेट त्या तुकड्यात शिरलं पाहिजे. आणि शेवटच्या ५ मिमीला दाब जवळजवळ सोडूनच द्या. ९ मिमी जाड, १०० मिमी लांब कापाला दोन-तीन मिनिटं लागू द्या. ढकलावं लागत असेल तर चूक हाताची नसते, ब्लेड बोथट झालेलं असतं.

बोथट का होतं? काचेचा चुरा फार बारीक असतो. तो हिऱ्यांभोवतीचा धातू झिजवत नाही, उलट गुळगुळीत करतो, आणि हिरे त्यात बुडून राहतात. ब्लेडची कड हाताला (मशीन बंद असताना) गुळगुळीत लागली, किंवा कापताना आवाज चढला, की ड्रेसिंग स्टिकमध्ये दोन-तीन उथळ काप घ्या. स्टिक नसेल तर ग्राइंडरच्या झिजलेल्या सिलिकॉन कार्बाइड दगडाचा तुकडा लोहाओळीत कुठेही मिळेल. हेही पाण्यातच. प्लेटेड ब्लेडला हा इलाज जोरात करू नका, एकच थर आहे.

---

भट्टीवाला_नंदनवन

वरचं सगळं बरोबर. पण ब्लेडपासून लांब तडकणारा स्लॅब हा सॉचा विषय नाही, भट्टीचा आहे.

ब्लेड काचेतली ताणाची जाळी मधेच तोडतं. ॲनिलिंग (ताण निघावा म्हणून काच भट्टीत हळूहळू गार करणं) कमी पडलं असेल तर साठलेला ताण त्याच क्षणी वाट शोधतो, आणि तडा वळणावळणाने दूर जातो. ९ मिमी स्लॅबला ६ मिमीचं वेळापत्रक लावत असाल तर हेच होणार. बांध घातलेल्या स्लॅबला मी १२ मिमीचं लावायला सांगेन: ४८२ अंशांवर २ तास, तिथून ४२७ पर्यंत तासाला ५५, मग ३७१ पर्यंत तासाला ९९. पुढे भट्टी बंद केली तरी झाकण उघडू नका. हातात घेतल्यावर कोमट लागत असेल तर त्या दिवशी कापू नका.

तपासायला दोन पोलरायझिंग फिल्टर घ्या. बाद झालेल्या एलसीडी स्क्रीनवरची फिल्म चालते. एक फिल्टर दिव्यासमोर, दुसरा डोळ्यासमोर, आणि दुसरा फिरवत पूर्ण अंधार करा. मध्ये स्लॅब धरा. काच सगळीकडे काळीच दिसली तर ठीक. कोपऱ्यांत किंवा दोन रंगांच्या सीमेवर उजेड दिसला तर ताण आहे. कोपऱ्यांत असेल तर ॲनिलिंग कमी, रंगाच्या सीमेवर असेल तर दोन काचांचं प्रसरण जुळत नाही. मधे सीओई ९६ ची किंवा साधी खिडकीची काच मिसळली गेली असेल, आणि तो स्लॅब परत भट्टीत घालूनही सुधारणार नाही. अपारदर्शक काचेवर ही तपासणी चालत नाही, हे लक्षात ठेवा.

एक अपवाद: तडा थेट ब्लेडच्या टोकापासून पुढे सरळ गेला असेल तर फेन्स (स्लॅब टेकवून सरळ सरकवायची पट्टी) बघा. ती ब्लेडला समांतर नसेल तर स्लॅब ब्लेडला चिमटतो. ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून फेन्सचं अंतर मोजा, मागे केसभर जास्त असलं तर हरकत नाही, कमी नको.

आता कापल्यानंतरचं. सॉमधला पांढरा गाळ काचेवर वाळू द्यायचा नाही. एकदा वाळला की खरखरीत पृष्ठभागात घट्ट बसतो, आणि फायर पॉलिशमध्ये त्याची दुधाळ रेघ होते. लोक तिला डेविट्रिफिकेशन (काचेवर स्फटिक धरून येणारा धुरकटपणा, थोडक्यात डेविट) समजून तापमान बदलत बसतात. कापला तुकडा की थेट पाण्याच्या बादलीत. मग टूथब्रश आणि भांड्याचा साबण. बोअरचं पाणी जड असतं, त्याचे क्षार वाळून डाग पडतात, म्हणून शेवटची विसळण बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याची किंवा आरओची.

कापलेल्या कडा तशाच भट्टीत घालू नका. २२० आणि मग ४०० च्या डायमंड हँड पॅडने ओल्या घासा. फायर पॉलिश ७१० ते ७३० अंश, ५ ते १० मिनिटं. एवढ्याने घासलेली मॅट कड चकचकीत होते, पण खोल टवका भरत नाही, फक्त त्याच्या कडा गोल होतात. तुम्हाला दिसतो तो खड्डा हाच. टवका भरेपर्यंत तापवायला गेलात तर तुकड्याचा आकार जातो. ७०० ते ७६० च्या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळलात तर खरा डेविट येतो. आणि फायर पॉलिशनंतर ॲनिलिंग परत पूर्ण, छोटा तुकडा आहे म्हणून सूट नाही.

डायक्रोइकचा थर धातूंच्या ऑक्साइडचा असतो, तो या तापमानाला वितळत नाही. कापलेल्या बाजूवर त्याची बारीक रेघ राहणारच. बेझलमध्ये (काचेभोवतीच्या धातूच्या कडेत) झाकायची की दाखवायची, ते डिझाइन करतानाच ठरवा.

---

काचमणी_धरमपेठ

खूप आभार. ॲनिलिंग खरंच ६ मिमीचंच लावून राहिली होती.

दोन शंका. मार्बल कटरचं राहिलंच. आणि अमेरिकेतून आणलेली एक रिंग सॉ वापरलेली मिळून राहिली, विकणारा म्हणतो ‘ट्रान्सफॉर्मर लावा, झालं’. वक्र कापायला उपयोगी पडेल म्हणून मोह होतो.

---

वायरमन_हिंगणा

मार्बल कटर नको. ४ इंची कटर १२ हजार आरपीएमच्या आसपास फिरतो, म्हणजे ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला साठ मीटरच्या वर. ६ इंची ट्रिम सॉला २००० वर तो सोळा मीटर असतो. पातळ काचेची ब्लेड एवढ्या वेगाला बनलेली नसतात. शिवाय उलटा बसवला की वरचं पाणी मोटरच्या जाळीतून आत जाणार. काचेपेक्षा आधी माणसाला धोका. काम करून देणारा कितीही ओळखीचा असो, नाही म्हणा.

रिंग सॉ घेण्याआधी तिची नेमप्लेट वाचा, बाकी ऐकू नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज २३० वरून ११५ करतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. प्लेटवर ५०/६० हर्ट्झ लिहिलंय तर प्रश्न नाही. फक्त ६० असेल आणि मोटर इंडक्शनची असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर गती सहाव्या हिश्श्याने पडते, आणि ११५ व्होल्टवर मोटर जास्त करंट ओढून तापते. ब्रश असलेली युनिव्हर्सल मोटर किंवा आतमध्ये डीसी करून चालणारी असेल तर ट्रान्सफॉर्मरवर चालेल. मशीनच्या वॅटेजच्या दीडपट क्षमतेचा घ्या.

मशीन कुठलीही असो, तिचा पॉइंट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोळ देऊन न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटच्या आधी टपकेल.

---

धार_आणि_पाणी

रिंग सॉबद्दल भर. गोल तारेसारखं तिचं ब्लेड चारही दिशांना कापतं. हृदय, मासा, पानाची आतली खाच, असलं काही करायचं असेल तर तिला तोड नाही. पण सरळ ९ मिमी कापात ती भरकटते, आणि तिचं ब्लेड, आतली रबरी चाकं, सगळं झिजणारं आणि सगळं बाहेरून मागवायचं. नवी तुमच्या बजेटमध्ये बसत नाही, जुनी घेतलीत तर सुट्या भागांचा हिशेब आधी करा. बँड सॉ मोठ्या वळणांना ठीक. लहान वळणाला पट्टा पिळला जातो आणि सांध्यावर तुटतो.

तुमचे तुकडे चौकोनी आहेत. वक्र महिन्यातून कधीतरी लागत असेल तर तेवढं ग्राइंडरवर घासून काढा.

बजेट असं वापरा: टेबल, शाफ्ट, पुली, मोटर इथेच जुळवून घ्या किंवा जयपूरहून तयार ६ इंची ट्रिम सॉ मागवा. रत्नं आणि अकीक कापण्याचं काम जयपूर आणि खंबातला चालतं, तिथल्या दुकानदारांकडे पातळ सिंटर्ड ब्लेडही असतात. मागवताना भोकाचं माप, जाडी, ग्रिट आणि ‘सलग कड’ हे चार शब्द लिहूनच द्या. तोपर्यंत तुमच्याच ७ इंची मशीनवर १.२ ते १.६ मिमीचं काचेचं ब्लेड आणि वर सांगितलेला चीर पाडलेला काचेचा तुकडा लावा. टवके त्यानेच बरेच कमी होतील.

---

तुकडा_तुकडा

एक वेगळं मत. सगळंच सॉवर नेऊ नका. ज्या डिझाइनमध्ये कापलेल्या कडेचा नक्षीकाम म्हणून उपयोग नाही, तिथे ३ मिमीची काच फ्युज करण्याआधीच ऑइल कटरने १५ बाय २४ कापा आणि थर रचून भाजा. कापात काही जात नाही, गाळ नाही, ब्लेड नाही. तीन थर मोकळे भाजलेत तर तुकडा पसरून साधारण ६ मिमीवर येतो, म्हणून माप लहान धरा. सॉ फक्त उभ्या रचलेल्या पट्ट्यांच्या, आडवा छेद दाखवायच्या स्लॅबसाठी ठेवा.

---

काचमणी_धरमपेठ

हे पटलं, निम्मे कानातले तसेच होतील. शेवटचं: २४ मिमीचे तुकडे कापताना बोटं ब्लेडच्या फार जवळ येतात. काय करावं? आणि उन्हाळ्यात पाण्याचं काही वेगळं बघावं लागतं का?

---

भट्टीवाला_नंदनवन

बोटांनी धरूच नका. पट्टी खिडकीच्या काचेच्या लांब तुकड्यावर ग्लू गनने दोन ठिपके देऊन चिकटवा आणि तो तुकडा धरून ढकला. खाली आधारही आपोआप मिळतो. गोंद थंड झाल्यावर नखाने निघतो. राहिलेला अंश पूर्ण काढूनच भट्टीत घाला, नाहीतर जळून काळा डाग पडतो. लाकडी पुशर असेल तर तोही चालेल, टोकाला खाच पाडून घ्या.

ओढणी, सैल बाही, बांगड्या नकोत. हातमोजेही नकोत, ब्लेड त्यांना ओढून घेतं. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल लावा.

पाणी: ब्लेडची खालची कड ५-६ मिमी बुडालेली पाहिजे. मे महिन्यात, त्यात कूलर मशीनकडे तोंड करून असला, तर तासाभरातच पातळी खाली जाते आणि ब्लेड कोरडं चालतं. कापाच्या जागी नारिंगी चमक दिसली तर लगेच थांबा, पाणी पोहोचत नाहीये. कूलरचा झोत दुसरीकडे वळवा, तो ओला गाळ तोंडावरही उडवतो. तेल घालू नका, फ्युजिंगच्या काचेवरून ते निघता निघत नाही. लोखंडी टाकी गंजत असेल तर पाण्यात विरघळणारं कूलंट पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घाला.

गाळ मोरीत ओतू नका, पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. बादलीत रात्रभर बसू द्या, वरचं निवळ परत टाकीत, खालचा पिशवीत बांधून कचऱ्यात. टाकी सुकल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसा आणि एन९५ लावा. बऱ्याच लाल, पिवळ्या, नारिंगी काचांत कॅडमियम असतं, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हे काम नको.